आम्ही, आपण आणि दोन ओळींची जागा

टीव्हीवर परदेशी माणूस आपल्या भाषेत बोलत असतो आणि पडद्याच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीच्या दोन ओळी येतात आणि जातात. त्या ओळी लिहिणं हे माझं काम होतं. लंडनमध्ये आल्यापासून निवृत्त होईपर्यंत मी दुसरं काही केलं नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी "या टीव्हीवर असतात" अशी ओळख करून दिली, की समोरचा माणूस माझा चेहरा आठवायला लागायचा. मग मी सांगायचे, "चेहऱ्याच्या खाली असते मी." हा विनोद मी इतक्या वेळा केला, की शेवटी शेवटी माझं मलाच हसू येईना.

काम बाहेरून सोपं वाटतं. बोललेलं लिहून काढायचं, त्यात काय एवढं? पण माणूस ज्या वेगाने बोलतो त्या वेगाने प्रेक्षकाला वाचता येत नाही. शिवाय त्याला चित्रही बघायचं असतं. म्हणून बोलण्यातला बराच भाग गाळावा लागतो. मला बहुतेक भाषा येत नव्हत्या. त्या त्या भाषेचा अनुवादक शेजारी बसून शब्दाला शब्द इंग्रजी करून द्यायचा आणि मी ते छाटून दोन ओळींत बसवायचे. उरेल ते प्रेक्षकाच्या दृष्टीने त्या माणसाचं संपूर्ण म्हणणं. त्याने आणखी काय सांगितलं होतं हे मला, अनुवादकाला आणि देवाला ठाऊक.

लोकांना वाटतं, बातम्यांमधला पक्षपात म्हणजे कुणीतरी खोलीत बसून खोटं रचतं. असं खोटं माझ्या पाहण्यात फार कमी आलं. बहुतेक वेळा जागा कमी पडायची, आणि जागा कमी पडली की कात्री आपोआप त्याच्याकडे वळायची, ज्याचं बोलणं आपल्याला परकं वाटतं. ओळखीच्या माणसाचा पाल्हाळसुद्धा गोड लागतो. हे कुणी शिकवत नाही आणि कुणी कबूलही करत नाही.

श्रीलंकेतलं युद्ध संपलं तेव्हा मी या कामात चांगली मुरलेली होते. सरकारी फौज जिंकली, तमिळ वाघ हरले, आणि सगळीकडे एकच भाषा सुरू झाली: आता एक देश, एक जनता. आमच्याकडे दोन्ही बाजूंची चित्रफीत यायची आणि एकेका क्रियापदावर वाद व्हायचे. माणसं मेली, मारली गेली की सैन्याने मारली? ऑफिसला "मारली गेली" सर्वांत आवडायचं. कर्मणी प्रयोग. कुणी मारली हे वाक्यात यायलाच नको. व्याकरणाचा इतका सोयीस्कर उपयोग मी आधी पाहिला नव्हता.

तक्रारी तर पोत्याने. ब्रिस्टलचे एक निवृत्त इंजिनिअर होते, तमिळ. गावाचं नाव सिंहली पद्धतीने लिहिलं की त्यांची ईमेल आलीच म्हणून समजा. तमिळ पद्धतीने लिहिलं की लंडनमधल्याच एजवेअरचे एक सिंहली डॉक्टर फोन करायचे, तेही इतक्या सभ्यपणे की फोन आपटताही येऊ नये. शेवटी कंटाळून मी एकदा "उत्तरेकडचं एक गाव" असं लिहिलं, तर दोघांनीही त्याच आठवड्यात तक्रार केली. आमचे बॉस खूश! म्हणाले, दोन्ही बाजू चिडल्या म्हणजे आपण समतोल आहोत. हे वाक्य मी पुढे पुष्कळ वेळा ऐकलं आणि दर वेळी अंगावर पाल पडल्यासारखं झालं. दोन्ही बाजू चिडल्या याचा अर्थ आपण दोघांच्याही बाबतीत चुकलो, असाही होऊ शकतो. पण तसं कुणी मीटिंगमध्ये बोलत नसतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट.

युद्ध संपून बरीच वर्षं झाल्यानंतर त्या देशाच्या एकीवर एक माहितीपट करायचं ठरलं. निर्माता होता रोहन. एजवेअरमध्ये जन्मलेला, मराठी आईबापांचा मुलगा. ऑफिसमध्ये माझा वरिष्ठ, पण मला मावशी म्हणायचा, कारण त्याची आई आणि मी एकाच मंडळात. मराठी बोलायची हौस दांडगी. व्याकरणाशी मात्र त्याचं फारसं देणंघेणं नव्हतं.

रोहनला लंडनच्याच इल्फर्ड भागातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या दोन बायका सापडल्या होत्या. सेल्वी तमिळ, कुसुम सिंहली. दोघी साठीच्या आसपासच्या. मुलांना जेवण वाढता वाढता त्यांची मैत्री झालेली, आणि एकमेकींशी त्या मोडक्या इंग्रजीत बोलायच्या. कुसुमचा मुलगा सैन्यात होता. तो शवपेटीतून घरी आला, आणि पेटी उघडायची परवानगी नव्हती. सेल्वीची गोष्ट जरा वेगळी. तिचा धाकटा भाऊ नादन आधी लंडनला आला होता. त्याची बायको वारलेली, मुलगा लहान. मुलाला त्याने सेल्वीच्या ओटीत घातलं होतं. युद्धाच्या शेवटच्या धावपळीत पोरगा तिच्या हातून सुटला तो सुटलाच. जिवंत आहे की नाही, हेही आजपर्यंत कळलेलं नाही. पुढे नादनने बहिणीला इकडे आणलं, आपल्या घरी ठेवलं, आणि इतक्या वर्षांत एकदाही "माझा मुलगा कुठे आहे?" असं विचारलं नाही. सेल्वीने हे मला नंतर सांगितलं. सांगताना म्हणाली, "त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं."

चित्रीकरणात दोघींना समोरासमोर बसवून आपापल्या भाषेत बोलायला सांगितलं होतं. शेवटी सेल्वी तमिळमध्ये दोन छोटी वाक्यं बोलते, मग कुसुमच्या हातावर हात ठेवून इंग्रजीत म्हणते, "यू अँड मी." तेवढंच.

आमचे तमिळ अनुवादक इल्फर्डमधले एक जुने शाळामास्तर होते. त्यांनी ती दोन वाक्यं ऐकली, मागे नेऊन परत ऐकली आणि चष्मा काढून ठेवला.

"मॅडम, इथे दोन वेगळे 'वी' आहेत," ते म्हणाले. "पहिल्या वाक्यात ती नांगळ म्हणते. म्हणजे आम्ही, तुम्ही सोडून. 'विसरणं आम्हालाच एकट्यांना जमणार नाही.' दुसऱ्या वाक्यात ती नाम म्हणते. त्यात समोरचा माणूसही आला. 'आपण विसरू शकू.' तिकडे आमच्या भागात, श्रीलंकेच्या उत्तरेत, घरगुती बोलण्यात सगळीकडे नांगळच चालतं. नाम म्हणाली, म्हणजे तिने ते विचार करून म्हटलंय."

मला ते लगेच कळलं. आम्ही आणि आपण! मराठी माणसाला हे समजवावं लागत नाही. इतकी वर्षं चिनी काय, अरबी काय, कुठल्या कुठल्या भाषा हाताखालून गेल्या, आणि माझ्या स्वतःच्या भाषेने कामात मदत केली ती एवढी एकदाच. इंग्रजीत दोन्हीला "वी". मास्तर आणि मी बसून ओळी केल्या: आम्ही एकटे विसरू शकत नाही, सगळे मिळून विसरू शकतो, अशा अर्थाच्या. दोन ओळींत नेमक्या बसल्या. त्या दिवशी मी खरोखर आनंदात घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी रोहनला बजावलं, की ही दोन वाक्यं कुठेही वेगळी करायची नाहीत.

"मावशी, हा सीन इतकी पॉवरफुल आहे ना, आय वोन्ट टच इट," तो म्हणाला. "पण इट्स जस्ट अ प्रोनाउन, राइट?"

मी त्याला आम्ही आणि आपण समजावून सांगायला लागले. त्याने शहाण्यासारखी मान डोलावली. मग घड्याळ बघून म्हणाला, "ओके, आम्ही कॉफी घ्यायला जाऊ या का?"

"जा की," मी म्हटलं. "आणि मी?"

"ऑफ कोर्स यू आर कमिंग! मी तुम्हालाच विचारतो ना."

"मग आपण म्हण. आम्ही म्हणालास म्हणजे मला वगळलंस."

तो थबकला. "पण आपण म्हणजे पोलाइट यू ना? माझा आजी फोनवर 'आपण कोण?' असं विचारायची."

मला हसू आवरेना. तोही हसला. कॉफी प्यायला आम्ही दोघं गेलो आणि विषय तिथेच राहिला. पुढे काय झालं ते आठवलं, की त्या कॉफीची चव अजून तोंडात कडू येते.

माहितीपटात दोन्ही वाक्यं नीट आली. घोटाळा झाला ट्रेलरमध्ये. ट्रेलर करणारा विभाग वेगळा असतो. ते तयार कार्यक्रमातून तुकडे उचलतात, आणि त्यांना सगळं अर्ध्या श्वासात हवं असतं. त्यांनी सेल्वीचा जवळून घेतलेला चेहरा घेतला, फक्त दुसरं वाक्य घेतलं आणि खाली लिहिलं, "वी कॅन फर्गेट." कुसुम चौकटीच्या बाहेर. "यू अँड मी" मोडकं इंग्रजी म्हणून उडवलेलं. मागे बासरी.

इंग्रज प्रेक्षकाला वाटलं, किती मोठं मन! तमिळ प्रेक्षकाला ओळी वाचायची गरजच नव्हती, त्याने तिचा शब्द कानांनी ऐकला. आणि खरी गंमत, गंमत कसली, खरी आफत इथेच होती. "आपण" या शब्दात कोण कोण येतं हे समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. सेल्वी कुसुमकडे बघून बोलली होती. कुसुमला काढून टाकल्यावर ती थेट घरोघरच्या तमिळ माणसांकडे बघत बोलतेय असं झालं. आपण तमिळ लोक विसरू शकतो. झालं गेलं जाऊ द्या. शब्द तिचाच, आवाज तिचाच, फक्त समोरचं माणूस बदललं.

दोन दिवसांत ती चित्रफीत इल्फर्डमधल्या प्रत्येक तमिळ फोनवर होती. देवळात बायका सेल्वीच्या शेजारून उठून जायला लागल्या. कुणीतरी तिला विचारलं, सरकारने किती दिले? पण तिला लागलं ते हे नव्हे. नादनने ते फोनवर पाहिलं, तिच्यासमोर धरलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मुलाचा विषय काढला. "माझा मुलगा विसरण्याचा हक्क तुला कुणी दिला?" मग तो खोलीत गेला. सेल्वी पिशवी भरून कुसुमच्या घरी राहायला गेली.

ती आमच्या ऑफिसात आली तेव्हा मला निरोप आला. खाली रिसेप्शनमध्ये एक किरकोळ बाई, थंडीच्या कोटात, शाळेच्या ओळखपत्राचा पट्टा अजून गळ्यात. तिला पैसे नको होते, माफी नको होती. "भावाला सांगा," एवढंच म्हणत राहिली. "मी कुणाला म्हणाले ते त्याला सांगा."

मी रीतसर तक्रार नोंदवली. उत्तर रीतसर आलं: ट्रेलरमधले शब्द संबंधित व्यक्तीनेच उच्चारलेले आहेत आणि अनुवाद अचूक आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ट्रेलर विभागातल्या पोरीला मी नाम आणि नांगळ सांगायला गेले, तर ती म्हणाली, "बट वी हॅज वन मीनिंग इन इंग्लिश." तेही खरंच. इतक्या खऱ्या गोष्टींसमोर भांडायचं कुणाशी? मला राग आला होता, पण त्याहून जास्त थकवा आला होता. रोहनने मात्र धडपड केली. वरपर्यंत भांडून ट्रेलर काढायला लावला. तोवर लोकांच्या फोनवर त्याच्या किती नकला झाल्या होत्या कोण जाणे. "मावशी, मला आता कळलं आपण म्हणजे काय," तो म्हणाला. चेहरा पडलेला. मी म्हटलं, "कळलं ना? मग आता विसरू नकोस." वाक्य तोंडातून गेल्यावर मलाच कसंतरी झालं.

आणि मग कुसुमचा फोन आला. तिने सरळ विचारलं, "त्या वाक्यात मी होते ना?"

"होतात."

"मग मीच जाऊन सांगते. पण टीव्हीवालं कुणीतरी बरोबर हवं."

ऑफिस कुणाला पाठवणार नव्हतं, हे मला विचारायच्या आधीच माहीत होतं. रविवारी दुपारी मी माझी गाडी काढली. सिंहली सैनिकाच्या आईला तमिळ माणसाच्या दारात न्यायचं, ज्याचा मुलगा त्याच युद्धात नाहीसा झालाय! दोघींना कुसुमच्या घरून घेतलं, पण नादनच्या घरापर्यंत रस्ताभर मला वाटत होतं, गाडी वळवावी आणि बरं नाही म्हणून सांगावं. शाळेच्या स्वयंपाकघरापुरती जी एकी जमली होती तीही आज मोडणार, असंच माझं मन सांगत होतं. सेल्वी मागच्या सीटवर, खिडकीबाहेर बघत. कुसुम पुढे माझ्याशेजारी. ती सगळा वेळ कोटाचं एकच बटण लावत होती आणि काढत होती.

दार नादननेच उघडलं. उंच, पांढऱ्या केसांचा माणूस. मी इंग्रजीत माझी ओळख सांगितली आणि सगळं सांगितलं: दोन वाक्यं होती, एकच दाखवलं, समोर या बाई बसल्या होत्या, त्या दाखवल्या नाहीत. माझं संपल्यावर तो म्हणाला, "मॅडम, शब्द तिचाच होता."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेव्हा कुसुम पुढे झाली. तिला वाटलं होतं इंग्रजीत बोलावं लागेल, पण ती घाबरून सिंहलीतच बोलायला लागली. नादन तरुणपणी कोलंबोत नोकरीला होता, त्याला ती भाषा येत होती. इतक्या वर्षांत लंडनमध्ये तो ती बोलला नसावा. ती बोलत होती आणि तो तिच्या चपलांकडे बघत ऐकत होता. मला एक अक्षर कळत नव्हतं. तिने एका हाताने सेल्वीकडे आणि मग स्वतःकडे बोट केलं, तेवढं कळलं.

त्याने तिला काहीतरी विचारलं. तिने मान हलवून उत्तर दिलं. शेजारच्या अंगणात कुणीतरी गवत कापायचं मशीन चालू केलं आणि बंद केलं.

नादन बाजूला सरकला आणि म्हणाला, "अक्का, उळ्ळे वा."

आत ये, हे त्याच्या हातावरून समजलं. अक्का हा शब्द तमिळमध्ये थोरल्या बहिणीला. तो सिंहलीतही थोरल्या बहिणीलाच. आपल्याकडेही तोच. आणि कुसुम त्याच्याहून वयाने मोठी. सेल्वीने पायरीवर पाऊल ठेवलं, आणि तिच्या बरोबरीने कुसुमनेही ठेवलं.

अक्का म्हणून त्याने एकीलाच बोलावलं होतं, हे तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. कुसुमने पाऊल मागे घेतलं आणि "सॉरी, सॉरी" म्हणत राहिली. मला तिथून पळून जावंसं वाटलं. नादनने तिच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच चेहऱ्याकडे पाहिलं, आणि सिंहलीत अगदी हळू काहीतरी म्हणाला. सेल्वी उंबरठ्यावर थांबली होती. कुसुमनेच तिला मानेने जा म्हणून खुणावलं. ती आत गेली. दार आपटलं नाही, हळूच लागलं.

आम्ही दोघी गाडीत येऊन बसलो. मी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"त्याने काय विचारलं तुम्हाला?"

"माझ्या मुलाचं थडगं आहे का विचारलं. मी म्हणाले, आहे. त्याच्या मुलाचं नाही ना."

"आणि शेवटी काय म्हणाला?"

"म्हणाला, आज फक्त माझी बहीण."

जन्मभर मी वाक्यात जागा हवी असली की असले बारके शब्द बेधडक उडवत आले. वेळ सांगणारे तर सगळ्यात आधी, त्यांच्यावाचून वाक्य अडत नाही. तो शब्द मला पुन्हा ऐकायचा होता.

"आज म्हणाला? नक्की?"

कुसुमने कोटाचं बटण लावलं आणि ते तसंच राहू दिलं.

"अद," ती म्हणाली. "आमच्यात आजला अद म्हणतात. मी नीट ऐकलंय, मॅडम. अद म्हणाला तो."